थंडीच्या मुलखात फेझंट : अंड्यापासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी. त्याची अंडी आणण्याआधी थर्मामीटर तपासा. इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, कितीही नवा असो, त्याच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

पहिल्या वर्षी मी ३० अंडी ठेवली आणि पिल्लं निघाली ४. चोविसावा दिवस गेला, पंचविसावा गेला, सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी ही चार बाहेर आली, तीही थकलेली, पायांवर धड उभी न राहणारी. उरलेली अंडी मी फोडून पाहिली. १८ अंड्यांत पिल्लं पूर्ण वाढून मेली होती. तो दिवस मी विसरलेले नाही. पडदा सगळे दिवस ३७.६ अंश दाखवत होता, प्रत्यक्षात आत ३६.६ होतं.

तपासणी सोपी आहे. घरात तापाचा थर्मामीटर असतोच आणि तो नेमका याच टप्प्यात अचूक असतो. एका पेल्यात कोमट पाणी घ्या, तापाचा थर्मामीटर आणि इनक्युबेटरमध्ये ठेवायचा सुटा थर्मामीटर दोन्ही त्यात धरा आणि फरक कागदावर लिहून यंत्रावर चिकटवा. आर्द्रतामापकासाठी बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला आणि झाकण व मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे. हे दोन कागद चिकटवल्यानंतरच्या वर्षी ३० अंड्यांतून २२ पिल्लं निघाली.

थंड प्रदेशात फेझंट पाळायचे म्हटलं की लोकांना हिवाळ्याची धास्ती वाटते. नऊ वर्षांत माझा एकही मोठा पक्षी नुसत्या थंडीने गेलेला नाही, उणे २५ अंशांतही नाही. जे गेले ते ओलीमुळे, फटीतून येणाऱ्या झोतामुळे किंवा तापमान सारखं वरखाली झाल्यामुळे. फेझंट हे नाव जॉर्जियातल्या फासिस नदीवरून आलं, जिला आज रिओनी म्हणतात. पण या पक्ष्याचा मूळ मुलूख तिथून थेट मंगोलिया, मांचुरिया आणि कोरियापर्यंत पसरलेला आहे. तिथले हिवाळे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या काढले, त्याला आपला हिवाळा नवा नाही. नवी असते ती आपण बांधलेली दमट, कोंदट खोली. म्हणून खालचं सगळं सांगताना मी गरम करण्यापेक्षा कोरडं ठेवण्यावर जास्त बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच उरकून घ्या. अनेक ठिकाणी फेझंट पाळायला, विकायला किंवा सोडायला परवाना लागतो. अंडी मागवण्याआधी चौकशी करा.

अंडी आणि वेळ

दिवस साधारण १४ तासांचा झाला की माद्या अंडी घालू लागतात. थंड मुलखात तेव्हाही रात्री पाणी गोठत असतं. अंडं गोठलं की कवचाला केसासारखी चीर जाते आणि ते बाद. त्यामुळे त्या दिवसांत दिवसातून तीनदा अंडी गोळा करावी लागतात, शेवटची फेरी अंधार पडण्याआधी.

अंडं छोटं, ३० ते ३३ ग्रॅमचं, आणि रंग बहुतेक ऑलिव्हकडे झुकणारा तपकिरी. मधेच एखादं फिकट निळसर निघतं. दिसायला फार देखणं असलं तरी माझ्याकडे अशी अंडी फारच कमी फुटली, म्हणून मी ती ठेवत नाही. घाणेरडी अंडी धुऊ नका. कवचावर एक पातळ थर असतो, तो धुतला की जंतूंना वाट मोकळी होते. वाळलेली घाण नखाने किंवा सँडपेपरने हलकी खरवडा, फार माखलेलं अंडं सोडून द्या.

टोकदार बाजू खाली करून १३ ते १६ अंशांच्या जागेत ठेवा, रोज एकदा तिरकी बाजू बदला. सात दिवसांत यंत्रात गेली तर उत्तम. दहा दिवसांनंतर दर दिवसागणिक नुकसान होत जातं. पार्सलने आलेली अंडी असतील तर खोलीच्या तापमानाला, टोक खाली करून, १२ ते २४ तास स्वस्थ बसू द्या. आणि गार जागेतून काढलेली अंडी थेट गरम यंत्रात कधीच ठेवू नका. त्यांना घाम येतो. तो घाम आत शोषला जाताना कवचावरचे जंतूही सोबत जातात. आधी पाच-सहा तास खोलीत कोमट होऊ द्यायची.

कधी ठेवायची, हे मी पहिल्या हिमवर्षावापासून उलटं मोजून ठरवते. फेझंटला पूर्ण पिसारा यायला १८ ते २० आठवडे लागतात. अंड्यातले साडेतीन आठवडे धरले तर पहिला बर्फ पडायच्या आधी २४ आठवड्यांच्या आत-बाहेर अंडी यंत्रात जायला हवीत. एका वर्षी हौसेपोटी मी उन्हाळा सरता-सरता आणखी एक खेप काढली. ती पिल्लं अर्ध्या पिसांनिशी थंडीत सापडली आणि सगळा हिवाळा मला घरात ठेवावी लागली. त्यांचे आणि माझेही हाल झाले.

चोवीस दिवस

इनक्युबेटर गॅरेजमध्ये ठेवू नका. मी ठेवला होता. रात्री बाहेर पारा खाली गेला की यंत्र धापा टाकत तापायचं, दुपारी ऊन आलं की आतला आकडा वर जायचा. आता तो घराच्या आतल्या खोलीत असतो, जिची एकही भिंत बाहेरच्या हवेला लागत नाही, आणि तिथे २० ते २३ अंश कायम राहतं.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश. बिनपंख्याच्या यंत्रात वर गरम आणि खाली गार असं असतं, म्हणून तिथे अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.६ ते ३८.९ मोजायचे. अंडी ठेवण्याआधी यंत्र पूर्ण एक दिवस रिकामं चालवून पाहा.

आर्द्रता ५० ते ५५ टक्के. इथे थंडीच्या मुलखाचा खरा पेच आहे. बाहेर शून्य अंशावर अगदी दमट वाटणारी हवासुद्धा घरात २२ अंशांना तापली की तिची आर्द्रता २३ टक्क्यांच्या आसपास येते, आणि तीच इनक्युबेटरमध्ये ३७.५ ला तापली की जेमतेम ९-१०. म्हणजे यंत्रातलं पाणी किती भरायचं हे बाहेरच्या हवामानाप्रमाणे रोज बदलतं. पुस्तिकेत ‘एक खळगा भरा’ लिहिलेलं असतं, पण गारठ्याच्या दिवसांत मला दोन खळगे आणि वर एक ओला स्पंज लागतो.

आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा माझा भरवसा वजनावर आहे. अंडं आतलं पाणी थोडं थोडं गमावत जातं आणि रुंद बाजूची हवेची पोकळी वाढत जाते. पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. एकविसाव्या दिवसापर्यंत १२ ते १३ टक्के वजन कमी व्हायला हवं, म्हणजे ३२ ग्रॅमचं अंडं २८ वर यायला हवं. मी पाच अंड्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालते आणि दर चार दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन करते. फार वेगाने घटत असेल तर पाणी वाढवते, घटतच नसेल तर एक खळगा कोरडा करते. कोरड्या यंत्रात कवचाखालचा पडदा पिल्लाच्या अंगाला चिकटतो, फार ओल्या यंत्रात पिल्लू शेवटच्या घटकेला आतच बुडतं. दोन्ही मी पाहिलंय.

यंत्र आपोआप फिरवत नसेल तर हाताने दिवसातून पाच वेळा फिरवा. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढा. विषम वेळा अशासाठी, की रात्रीचा लांब काळ अंडं रोज त्याच बाजूवर पडून राहू नये. आठव्या-नवव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रखर टॉर्च लावून पाहा. गडद कवचातून सहज दिसत नाही, टॉर्चभोवती हाताची मूठ घट्ट धरावी लागते. जिवंत अंड्यात कोळ्यासारखा काळा ठिपका आणि त्यापासून फुटलेल्या लाल शिरा दिसतात. नुसतं पिवळसर उजळलं तर ते अंडं रिकामं, आणि रक्ताची एकच गोल कडी दिसली तर जीव सुरुवातीलाच गेलेला. ही अंडी काढून टाका, नाहीतर कुजून एखादं फुटतं आणि सगळी खेप नासते.

वीज गेली तर घाबरू नका. झाकण उघडू नका, यंत्रावर ब्लँकेट टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा. एकदा आमच्याकडे चार तास वीज नव्हती, पिल्लं एक दिवस उशिरा निघाली, पण निघाली.

एकविसाव्या दिवशी फिरवणं बंद. तळाला खडबडीत जाळी किंवा रबरी चटई घाला, आर्द्रता ६८ ते ७० वर न्या आणि झाकण लावून टाका. आता हात आवरायचा. तेविसाव्या दिवशी कान जवळ नेला तर आतून टिक-टिक ऐकू येते, मधूनच बारीक चिवचिव. मग कवचावर मोहरीएवढा टवका उठतो. त्यातून चोचीच्या टोकावरचा पांढरा दाणा दिसतो, ज्याने पिल्लू कवच फोडतं. त्यानंतर कित्येक तास काहीच घडत नाही. पिल्लू मेलं असं वाटून माणूस झाकण उघडतो आणि तिथेच घात होतो, कारण ओली हवा निसटून पडदा चामड्यासारखा वाळतो. त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. पहिल्या टवक्यापासून १२ ते २४ तास वाट पाहा. मग ते गोल फिरत झाकण कापल्यासारखं कवच कापतं आणि एका धक्क्यात बाहेर पडतं, ओलं, २० ग्रॅमचं, पाठीवर गडद पट्टे असलेलं. पूर्ण वाळून फुलल्याशिवाय काढू नका. पोटातल्या बलकावर त्याचं दोन दिवस भागतं.

खुडूक कोंबडी मिळाली तर तिच्याखालीही अंडी ठेवता येतात आणि ती चोख काम करते. मी एकदाच केलं. कोंबड्यांकडून फेझंटकडे जंत आणि त्यांच्यामार्फत येणारा ब्लॅकहेड हा यकृताचा रोग जातो, म्हणून आता माझ्याकडे कोंबड्या आणि फेझंट एका जमिनीवर येत नाहीत.

ब्रूडर

फेझंटचं पिल्लू म्हणजे कोंबडीचं पिल्लू नव्हे. ते घाबरट असतं, चपळ असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उडतं. ब्रूडरला, म्हणजे पिल्लं उबेत वाढवायच्या पेटीला, वरून जाळी हवीच, आणि छिद्रं सव्वा सेंटिमीटरहून मोठी नकोत.

पिल्लांच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. दिव्याखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर गारठलीत. कडांना पांगून चोच उघडी ठेवत असतील तर तापलीत. सगळी एकाच बाजूला जमली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय, मेणबत्ती धरून फट शोधा. आणि गठ्ठा कोपऱ्यात झाला तर खालची पिल्लं गुदमरतात, म्हणून पुठ्ठा वाकवून चारही कोपरे गोल करून टाका.

सिमेंटची फरशी ऊब शोषून घेते. मी ब्रूडर थर्माकोलच्या जाड पत्र्यावर, त्यावर लाकडी फळी, असा उचलून ठेवते. आत रंध्याच्या भुशाचा ७-८ सेंटिमीटर थर. वर्तमानपत्र घालू नका, त्यावरून घसरून पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहतात. ऊब एका दिव्यावर सोपवू नका. दोन लावा, म्हणजे रात्री एक गेला तरी दुसरा जीव वाचवतो. दिवा साखळीने टांगा आणि वर तारेचा दुसरा फासही ठेवा. भुशावर पडलेला दिवा आग लावतो.

पाण्याच्या थाळीत गोट्या किंवा गुळगुळीत खडे भरा. ही पिल्लं दोन बोटं खोल पाण्यातही बुडतात. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा, आणि खाद्य पहिल्या दिवशी खडबडीत कापडावर पसरून बोटाने टकटक करा, आई चोचीने करते तशी. खाद्यात पहिले पाच-सहा आठवडे २८ ते ३० टक्के प्रथिनं हवीत. कोंबडीच्या पिलांच्या खाद्यात तितकी नसतात, आणि अंड्यांवरच्या कोंबडीचं खाद्य तर मुळीच नको, त्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. पुढे वाढीच्या काळात २० ते २४ टक्के पुरे.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पिसं फुगवून बसलेलं, विष्ठेत रक्त असलेलं पिल्लू दिसलं तर कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. ओल्या भुशाची गादी हे त्याचं घर. पाण्याच्या भांड्याभोवतीचा भुसा मी रोज काढते.

आणि टोचाटोची. मला कुणी आधी सांगायला हवं होतं अशी ही गोष्ट. अठराव्या दिवशी सकाळी सगळं ठीक होतं. दुपारी परतले तर एका पिल्लाच्या शेपटीपाशी रुपयाएवढी जखम होती आणि सात-आठ जणी तिच्यामागे धावत होत्या. रक्ताचा लाल ठिपका दिसला की फेझंट थांबत नाहीत. कारणं ठरलेली असतात : गर्दी, जास्त उष्णता, प्रखर पांढरा उजेड, कमी प्रथिनं आणि रिकामपण. मी त्याच दिवशी पांढरा दिवा काढून लाल लावला, जागा दुप्पट केली, कोबीचा गड्डा पिल्लांच्या डोक्यापेक्षा जरा वर टांगला आणि जखमी पिल्लाला शेजारीच जाळीआड ठेवलं, म्हणजे कळप तिला विसरला नाही. दोन दिवसांत शांत झालं. आता दुसऱ्या आठवड्यापासून पालेभाजी रोज टांगलेली असते, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक पिल्लाला किमान अर्धा चौरस फूट मोकळी जागा.

बाहेर, आणि मग बर्फ

सहाव्या आठवड्यात कोरड्या दिवशी बाहेर काढायला सुरुवात करते, आठव्या आठवड्यापर्यंत रात्री आत. त्या वयात पिसांना अजून पाणी झटकता येत नाही. एका थंड पावसात भिजलेलं पिल्लू उणे तापमानातल्या कोरड्या पक्ष्यापेक्षा जास्त धोक्यात असतं. नरांच्या डोळ्यांखाली लाल कातडी दिसायला लागते ती साधारण याच वेळी.

बाहेरचा पिंजरा जेवढा मोठा तेवढी भांडणं कमी. मोठ्या पक्ष्याला मी २५ चौरस फूट धरते. उंची दोन मीटर. दचकला की फेझंट सरळ वर झेपावतो, म्हणून छत तारेचं नको, डोकं सोलवटतं. छताला नायलॉनचं मऊ जाळं, ५ सेंटिमीटर छिद्रांचं. बाजूंना बारीक तारजाळी, वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या, सडपातळ शिकाऱ्याला अडीच सेंटिमीटरची फटही पुरते. ही तारजाळी खाली बाहेरच्या बाजूला अर्धा मीटर पसरून मातीखाली दाबा, म्हणजे कोल्हा उकरायला लागला तरी जाळीच लागेल. तळाचा ६० सेंटिमीटर भाग फळ्यांनी बंद केला की वारा अडतो.

त्यांना तुम्ही बांधलेलं घर आवडत नाही. पहिल्या हिवाळ्याआधी मी छानशी लाकडी खोली बांधली, खिडक्या बंद केल्या, भुसा घातला. पक्षी तिथे गेले नाहीत. ज्यांना मी हाकलून आत कोंडलं त्यांच्या श्वासाच्या वाफेने छताला दव धरलं, ते रात्री गोठलं, सकाळी वितळून त्यांच्याच पाठीवर टपकलं, आणि नाकाला अमोनिया झोंबायला लागला. ती खोली मी तोडली. आता वाऱ्याला पाठ करून तीन बाजूंनी बंद असा आडोसा आहे, आणि पिंजराभर मक्याच्या ताटांच्या पेंढ्या तंबूसारख्या उभ्या केलेल्या, सूचिपर्णी झाडांच्या फांद्या टेकवलेल्या. पक्षी त्याखाली जमिनीवर बसतात. सकाळी पेंढी उचलून पाहिली तर खाली कोरडी, कोमट वाटी दिसते, पक्ष्याच्या छातीच्या आकाराची. दांडी लावायचीच तर ५ सेंटिमीटर रुंद आणि सपाट लावा, म्हणजे बोटं पिसांखाली झाकली जातात.

हिवाळ्यात १४ ते १६ टक्के प्रथिनांचं खाद्य आणि संध्याकाळी मूठभर मका. मका पचताना रात्रभर ऊब देतो. बर्फाखाली जमीन झाकली गेली की त्यांना खडे टिपता येत नाहीत, म्हणून बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवा. गरम होणारं भांडं नसेल तर सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी द्या, पण भांडं अरुंद तोंडाचं असू द्या. ओली झालेली छाती आणि गाल वाऱ्यात गोठतात.

सुक्या बर्फाची मला भीती नाही, तो जाळ्यातून खाली पडतो. ओला बर्फ चिकटतो. चौथ्या हिवाळ्यात एका रात्रीत सगळं जाळं जमिनीला टेकलं, दोन माद्या त्याखाली सापडल्या आणि पाच पक्षी फाटलेल्या कोपऱ्यातून निघून गेले. तेव्हापासून दर तीन मीटरवर मधे खांब असतो, वर आडवी फळी आणि तिला जुन्या गोणपाटाची गुंडाळी, म्हणजे जाळं कापलं जात नाही. ओला बर्फ पडू लागला की मी दर दोन तासांनी उठते, गजराने, आणि लांब काठीला बांधलेल्या झाडूने खालून जाळं झटकते. पक्षी पेंढ्यांखालून कुरबुरतात, पण बाहेर येत नाहीत.

थंडी ओसरायच्या आधीच दिवस वाढू लागतात आणि नर आरवायला लागतात. तेव्हा एका नराला सहा ते आठ माद्या असे गट पाडून मधे डोळ्यांआड जाईल अशी भिंत घालते, एरवी नर एकमेकांना मारून टाकतात. खाद्य बदलून १८ ते २० टक्के प्रथिनांचं, शिंपल्यांचा चुरा घातलेलं. यंदाचं पहिलं अंडं मला बर्फाच्या कडेला, मक्याच्या ताटांखाली सापडलं. हातमोजा काढून तळहातावर घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं, चीर नव्हती. पेन्सिलीने तारीख लिहून, टोक खाली करून, ट्रेमध्ये ठेवलं आणि मीठ-पाण्याची पिशवी तयार करायला घेतली.